ओळंब्याचे अकरा खळगे

गवंडी भिंतीला ओळंबा लावतो. दोरीला लोंबणारं ते वजन एकदा स्थिर झालं की भिंत सरळ की वाकडी, यावर वाद उरत नाही. या गोष्टीतल्या शेतकऱ्याला सगळे ओळंबाच म्हणत, आणि तेही तोंडावर. त्याला त्याचा राग येत नसे. उलट कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तो वळून बघायचा नाही. नांगरणीच्या स्पर्धेत जिंकलेले सात कप त्याच्या बैठकीच्या खोलीत फळीवर मांडलेले होते, सगळ्यांचे कान एकाच दिशेला. पुसताना एखाद्याचा कान फिरला तर संध्याकाळच्या आत तो पुन्हा जागेवर यायचा. खिशात कायम एक दोरीचा गुंडाळा आणि दोन खुंट्या. भाजीचा वाफा असो, कुंपणाचा खांब असो की कपडे वाळत घालायची तार, आधी खुंटी, मग दोरी आणि मग काम.

अशा माणसाबरोबर तीस वर्षं संसार करणं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारावं. आता तिला कुणी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी.

बाई कामाला वाघ होती. बावीस गायींचा गोठा ती एकटी सांभाळायची. शेण ओढायला, चारा टाकायला गोठ्यात एक छोटा लोडर होता. तो ती असा चालवायची, की झोपलेल्या वासराच्या शेपटीला न लागता त्याच्या अंगाखालचा पेंढा बदलून व्हावा. पण शेतात ट्रॅक्टरवर बसायचं नाही, हा त्या घरातला न लिहिलेला नियम होता. त्याला कारण घडलं होतं लग्नाच्या पहिल्याच वर्षी.

रस्त्याकडेचा दोन एकरांचा तुकडा तिला तिच्या आईकडून आला होता. जमीन सखल, पाणी धरणारी. त्या वर्षी तिनं हौसेनं स्वतः नांगरायला घेतली. मध्यावर आली तोच एक टिटवी चाकांपुढे धावत जिवाच्या आकांतानं ओरडायला लागली. ती खाली उतरली. उघड्या जमिनीवर चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. तिनं नांगर वळसा घालून पुढे नेला. पलीकडे आणखी एक घरटं निघालं, तिथंही वळसा. संध्याकाळी रस्त्यावरून पाहिलं तर नांगराच्या ओळींना दोन ठिकाणी चांगलं पोट सुटलेलं.

नेमका तेव्हाच तिचा चुलतदीर सायकलवरून चालला होता. त्याला सगळे दवंडी म्हणत, यावरून काय ते समजा. रात्रीच्या जेवणाआधी ओळंब्याच्या नव्या बायकोच्या ओळी घरोघर पोचल्या होत्या. ओळंबा तेव्हा तीनच कपांचा धनी होता, पण अब्रू सातांची होती. दुसऱ्या दिवशी ती गोठ्यातून बाहेर येते तो काय, सगळा तुकडा पुन्हा नांगरलेला. दोरी मारल्यासारखा सरळ. चहा पिताना तो एवढंच म्हणाला, "झालं नीट."

अंड्यांचं तिनं सांगितलं नाही. सगळं नांगरून झाल्यावर वाटलं, आता बोलून काय उपयोग. तेव्हापासून शेत त्याचं आणि गोठा तिचा. गोठ्यात वाकडं चालवलं तरी बघायला कोण येतंय? दृष्टीआड सृष्टी.

आणि मग तीस वर्षांनी रस्त्यापलीकडे मालाचं गोदाम बांधायचं ठरलं. साधंसुधं नाही, एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येऊ नये एवढं. त्या जागेत एक जुनं तळं होतं, झुडपं होती, त्यात बेडूक, चतुर, पाखरं, काय काय नांदत होतं. कायदा असा, की इथं मोडलंत तर जवळपास दुसरीकडे तेवढंच, किंबहुना काकणभर जास्तच, उभं करून द्यायचं आणि तीस वर्षं जपायचं. त्यासाठी कंपनीला शेतजमीन हवी होती. गंमत अशी, की एकाच आठवड्यात एकाच कंपनीची दोन पत्रं घरी आली. एका कचेरीला तो सखल तुकडा वन्यजीवांसाठी हवा होता, तर दुसरीला तोच तुकडा ट्रक उभे करायला. डाव्या हाताचं उजव्याला ठाऊक नाही म्हणतात ते असं.

"ट्रकवाल्यांना देऊन टाक," ओळंबा म्हणाला. "काँक्रीट घालतील, रंगाचे पट्टे मारतील. निदान नीटनेटकं तरी दिसेल. शेतात मुद्दाम डबकी कोण करतं?"

"आईच्या जमिनीवर काँक्रीट पडू देणार नाही मी," ती म्हणाली.

दोन आठवडे घरात हेच चाललं. मग वन्यजीवांच्या कामावर देखरेख करणारी तरुण बाई नकाशा घेऊन आली. गमबूट, गळ्यात दुर्बीण, हातात आकडे कोरलेली उंच काठी. दवंडीनं अर्ध्या तासात तिचं नाव बेडूकबाई ठेवलं. नकाशात अकरा खळगे खणायचे होते, लहानमोठे. खणायचं म्हटल्यावर ओळंब्याचे डोळे चमकले. त्यानं नकाशा पुरता पाहिलासुद्धा नाही. अकरा हा आकडा पाहिला आणि म्हणाला, "करून दाखवतो. पण नापास केलंत तर तुकडा ट्रकवाल्यांना."

"कबूल," बायको हसून म्हणाली. "तुमचं काम नापास झालं तर मी स्वतः सही करीन."

तिनं शब्द दिला तो बेफिकीरपणे, कारण ओळंब्याचं काम नापास होणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं.

त्यानं भाड्यानं छोटा पोकलेन आणला. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि सहा दिवसांत अकरा खळगे खणले. एका रांगेत, सारख्या अंतरावर, प्रत्येक खळगा तंतोतंत चौकोनी आणि कमरेइतका खोल. कडा तर अशा छाटलेल्या, की वरून झाकण ठेवलं असतं तर चपखल बसलं असतं. लोक रस्त्यात थांबून बघायचे आणि तो लक्ष नसल्यासारखं दाखवत तिथंच घुटमळायचा.

बेडूकबाई आली, पहिल्या खळग्याच्या काठावर उभी राहिली, रांगेच्या टोकापर्यंत नजर टाकली आणि हातातली काठी खळग्याच्या तळाला टेकवून बघितली.

"काका, तुमच्या हाताला तोड नाही," ती म्हणाली. "पण यात बेडूक पडला तर वर कसा येणार?"

ओळंब्यानं खाली पाहिलं. भिंती उभ्या, तासल्यासारख्या.

तिनं समजावून सांगितलं. एका बाजूनं काठ हळूहळू उतरता हवा. काही खळगे खोल, काही घोट्याएवढे, म्हणजे काहींत पाणी टिकेल आणि काही लवकर सुकतील; प्रत्येकाला हवा असणारा जीव वेगळा असतो. आणि काठ वाकडातिकडा, कारण काठ जितका लांब तितकी वस्ती जास्त. "हे नकाशात होतं काका. नऊ दिवसांनी मी पुन्हा येते. तळ्यातले जीव हलवायची वेळ झालीये. तेव्हा जागा तयार नसेल तर मला दुसरं शेत बघावं लागेल."

आयुष्यात पहिल्यांदा ओळंबा नापास झाला होता. तो जेवला नाही. त्याहून वाईट म्हणजे एका कपाचा कान भिंतीकडे वळला होता आणि त्याला ते दिसलं नाही. बायकोला काळजी लागली ती मात्र कपाची नाही. आपण दिलेला शब्द तिला आठवत होता.

"घाबरू नकोस," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "वाकडंच हवं ना? वाकडं करायला काय अक्कल लागते?"

त्यानं चौकटींचा कागद आणला, पट्टी घेतली आणि वाकडेपणाची आखणी केली. दर तिसरा खळगा डावीकडे दोन हात. काठाला बाक, पण प्रत्येक बाक दीड हाताचा. पाच खळगे खोल, पाच उथळ, एक मधला; खोल, उथळ, खोल, उथळ, असे क्रमानं. मग खुंट्या आल्याच आणि पाठोपाठ दोरीही. पाच दिवस त्यानं मान मोडून काम केलं. ती दुपारी डबा घेऊन गेली आणि बांधावर उभी राहून बघतच राहिली. शेतात अकरा खळगे शहाण्या मुलांसारखे ओळीनं उभे होते आणि दर तिसऱ्यानं मान डावीकडे वळवली होती.

तिला हसू आलं आणि रडूही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं राहतं म्हणतात. हा गडी त्याच्या उलट होता. वाकडेपणाच्या नळीत घातला तरी सरळच.

"कसं झालंय?" त्यानं विचारलं. आवाजात नेहमीचा रुबाब नव्हता.

"खरं सांगू? तिला दुरूनच कळेल हे मोजून केलंय म्हणून."

तो मशीनमध्ये बसून राहिला. "मला नाही जमत गं," तो म्हणाला. "हात जातच नाही. वाकडं दिसलं की इथं काहीतरी टोचतं." त्यानं छातीवर हात ठेवला. "उद्या आणखी कुणाला तरी विचारून बघतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीस वर्षं घरात वाकडं चालवणारी बायको असताना हा माणूस बाहेर शोधायला निघाला होता. तिनं डबा बांधावर ठेवला, पदर खोचला आणि मशीनजवळ गेली.

"उतरा," ती म्हणाली.

"काय?"

"उतरा म्हणते. जमीन माझी, शब्द माझा. मशीन मी चालवते."

"अगं, हा लोडर नाही. याचे दांडे वेगळे."

"मग दाखवा."

अर्ध्या तासात तिनं दांडे समजून घेतले. लोडर चालवलेल्या हाताला ते फार परके नव्हते. पण ती बकेट खाली टेकवायची तोच काठावरून आवाज यायचा. "जरा उजवीकडे. थांब, रेष सुटली." तिसऱ्यांदा तिनं मशीन बंद केलं.

"तुम्ही घरी जा."

"मी गप्प बसतो."

"गप्प बसलात तरी तुमचे डोळे बोलतात. तुम्ही बघत असलात की माझा हात तुमच्या नजरेनं चालतो. गायी सोडायच्यात, दूध काढायचंय. तुम्ही गोठा बघा, मी शेत."

तो गेला. जाताना दोनदा मागं वळला, पण गेला.

मग तिनं काम सुरू केलं. वाकडं करायचं म्हणून तिनं काहीच वाकडं केलं नाही. तिला ही जमीन ठाऊक होती. लहानपणी आईबरोबर इथं अनवाणी फिरताना पाय कुठं रुतायचा, पाणी आधी कुठं साचायचं आणि शेवटी कुठं आटायचं, हे तिच्या तळव्यांना पाठ होतं. त्या आठवणीच्या मागे तिनं बकेट नेली. जिथं माती काळी आणि ओली लागली तिथं खोल गेली. जिथं मुरूम लागला तिथं नुसतं खरवडून सोडलं. दोन चौकोन फोडून एकत्र केले, एक बुजवूनच टाकला. एका ठिकाणी मोठा दगड निघाला, तो काठावरच राहू दिला आणि काठ त्याच्या भोवतीनं वळवला. दुपार केव्हा उलटली ते तिला कळलं नाही. ती गुणगुणत होती. तीस वर्षांत तिला एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

तीन दिवस ती खणत होती. मशीन परत गेलं. संध्याकाळी वरच्या ओढ्याचं पाणी पाटानं सोडलं आणि एकेक खळगा आपापल्या वेळेला, आपापल्या आकारात भरत गेला. त्या दिवसांत ओळंबा शेताकडे फिरकला नाही. गोठा मात्र असा काही लावला होता, की बावीस गायी पहिल्यांदाच उंचीप्रमाणे उभ्या होत्या.

पाहणीच्या दिवशी सकाळी ती उठली तर तो घरात नव्हता. दारामागची कुदळही जागेवर नव्हती. खुंटीला टांगलेल्या त्याच्या सदऱ्याचा खिसा तिनं चाचपला. दोरी नव्हती.

पुन्हा तेच! ती चपला न घालताच धावत सुटली. संताप असा चढला होता, की रस्त्यावर दवंडी भेटला आणि "वहिनी, एवढ्या सकाळी?" म्हणाला, त्याला तिनं उत्तरही दिलं नाही. पाणी आलंच नसतं तर एक वेळ तिनं सोसलं असतं. पण आपल्या हातचं काम दुसऱ्यांदा पुसलं गेलं तर ते तिला सोसवणार नव्हतं.

ओळंबा सगळ्यांत मोठ्या खळग्याच्या काठावर उभा होता. कुदळ खाली पडलेली. एक खुंटी जमिनीत ठोकलेली, तिला दोरी बांधलेली आणि दोरीचं दुसरं टोक त्याच्या हातात.

"हात लावलात?" ती ओरडली.

"नाही."

"खरं सांगा."

"खोटं कशाला सांगू? लावायलाच आलो होतो. झोप लागेना. म्हटलं बेडूकबाई यायच्या आत एखादी कड तरी सारखी करावी. एक खुंटी ठोकली." त्यानं दोरीकडे पाहिलं. "दुसरी कुठं ठोकायची तेच कळेना. तासभर झाला फिरतोय. एक जागा धरली की दुसरी बिघडते. यात बदलण्यासारखं काही नाहीच. जे जिथं आहे ते तिथंच हवं."

त्याच्या तोंडून एवढं ऐकायला तीस वर्षं लागली होती. पण तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि राग होता तोवर बोलून घेणं बरं.

"तेव्हाही तसंच होतं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या ओळी नांगरून टाकल्यात ना, तिथं टिटवीची अंडी होती. दोन घरटी. म्हणून वळसा घातला होता मी. मला सरळ चालवता येत नव्हतं म्हणून नाही."

कोणत्या ओळी, असं त्यानं विचारलं नाही. म्हणजे त्यालाही त्या आठवत होत्या.

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"विचारलंत का?"

ओळंब्याची मान खाली गेली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "फार चुकलं." मग खाली वाकून त्यानं खुंटी उपटली आणि तिच्या भोकात बोटानं माती भरली.

बेडूकबाई आली ती गमबुटांसह थेट पाण्यात शिरली. काठीनं खोली मोजली, काठाचा उतार पाहिला, प्रत्येक खळग्याला फेरी मारली, कागदावर खुणा केल्या. नवरा-बायको बांधावर निकालाची वाट बघत उभे. रस्त्यावर सायकल टेकवून दवंडीही उभा, कारण तो नसेल तर निकाल लागला असं कोण म्हणेल?

"नकाशात अकरा होते, इथं नऊच आहेत," बेडूकबाई म्हणाली.

बायको घाईनं पुढे झाली. "दोन एकात घेतले आणि एक बुजवला. तिथं मुरूम आहे, पाणी टिकलं नसतं."

"बरोबर केलंत. माझ्या नकाशापेक्षा हे चांगलं आहे." तिनं कागदावर सही ठोकली. "पास. सोमवारपासून तळ्यातले जीव इथं आणू. हा दगडाजवळचा काठ कुणी केला? इतका चांगला काठ मी या वर्षात पाहिला नाही."

"हिनं," ओळंबा म्हणाला. "सगळंच हिनं केलंय. माझा हात नाही त्यात."

"डुकरं लोळल्यासारखं दिसतंय की रे!" रस्त्यावरून दवंडी ओरडला. "ओळंब्याच्या शेतात हे असलं?"

ओळंबा त्याच्याकडे वळला. "हिच्या शेतात," तो म्हणाला. "आणि घरी सात कप आहेत माझे, त्या सातांच्या अकलेत हे बसत नाही. जा, सांग सगळीकडे. काही गाळू नकोस."

दवंडीला बातमी अशी फुकट कधी मिळाली नव्हती. तो गेला.

बेडूकबाईही गेल्यावर ते दोघं फाटकाबाहेर आले. बायकोनं फाटक ओढलं तर कडी निसटली. ती कित्येक वर्षांची सैल होती. तिनं हात पुढे केला. "द्या ती दोरी."

त्यानं गुंडाळा काढून दिला. ज्या दोरीनं या शेताला तीस वर्षं सरळ धरलं होतं, तिचे तिनं फाटकाला तीन वेढे घातले आणि वर गाठ मारली, गोठ्यात खोंडाला बांधताना मारतात तशी घट्ट.

"अगं, आणि मला आत जायचं झालं तर?"

"विचारून जायचं."

तो मिनिटभर आतल्या पाण्याकडे बघत उभा राहिला. मग खिशातल्या दोन खुंट्या बांधावर ठेवून दिल्या.

"येऊ का?" त्यानं विचारलं.